गुदद्वाराच्या कॅन्सरचे शेक संपले? आता या चुका टाळा

संभाजीनगरात साडेपाच आठवडे खोली करून राहायचं, २८ शेक पुरे करायचे आणि गावाकडं परतायचं. (रेडिएशनला आमच्याकडं शेकच म्हणतात.) पुष्कळांचा हा कॅन्सर किमो आणि शेकानंच, ऑपरेशनशिवाय बरा होतो. पोटावर कायमची पिशवी लागत नाही. पण शेकाचा परिणाम आतल्या कातडीवर वर्षानुवर्षं राहतो आणि खरा घोळ होतो तो इथं.

सगळ्यांत धोक्याची चूक म्हणजे रक्त दिसलं की मूळव्याध समजणं. माझ्या मामांचे कॅन्सर कळायच्या आधीच सात-आठ महिने मूळव्याधीच्या मलमांत गेले होते. शेक संपून दीड वर्ष झालं आणि पुन्हा शौचाला रक्त पडलं. तालुक्याला एकजण म्हणाला, इंजेक्शन मारून कोंब पाडतो. मामी तयार झाल्या होत्या. मी म्हटलं, "मामी, थांबा, आधी फाईल घेऊन शेकाच्या डॉक्टरांकडं जाऊ." शेक बसलेल्या जागेचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. तिथं सुई, रबर बँड किंवा क्षारसूत्र केलं तर जखम महिनोन् महिने भरत नाही, भगंदरही होऊ शकतं. मामांचं रक्त नाजूक झालेल्या बारीक रक्तवाहिन्यांचं निघालं आणि सुक्रालफेट या औषधाच्या एनिम्यानं (गुदद्वारातून आत सोडायचं पातळ औषध) थांबलं. पण तेच रक्त कॅन्सर परतल्याचंही असू शकतं, म्हणून दुर्बिणीनं बघितल्याशिवाय कुणाच्या अंदाजावर जाऊ नका.

तीन महिन्यांच्या तपासणीत गाठ थोडी शिल्लक दिसली की घरचे हातपाय गाळतात. ब्रिटनच्या 'अ‍ॅक्ट-२' अभ्यासात उपचार सुरू झाल्यापासून ११ आठवड्यांना गाठ पूर्ण न गेलेल्यांपैकी ७२ टक्क्यांची २६ आठवड्यांपर्यंत गेली. गाठ वाढत नसेल तर सहा महिने धीर धरा. वाढत असेल तर एक दिवसही नाही. नंतर मात्र ज्वारीची काढणी आली म्हणून तपासणीची तारीख चुकवू नका. परतायचा असेल तर कॅन्सर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतच परततो. जांघेत नवी गाठ लागली तर तारखेची वाट बघू नका.

लाजेपायी माणसं किती सोसतात! शौच रोखता येत नाही म्हणून एसटी बंद, लग्नकार्य बंद. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम यांनी पुष्कळ फरक पडतो, पण विचारावं लागतं. बायकांचं दुखणं तर कुणी काढतच नाही. शेकानं योनीमार्ग आकसतो, पाळी लवकर जाते. जखमा भरल्यावर डायलेटर (मार्ग मोकळा ठेवायला आत घालायची गुळगुळीत नळी) वापरायला शिकवतात. संबंध नको असलेल्या बाईलाही तो उपयोगी पडतो, कारण मार्ग आकसला तर पुढची तपासणीच अवघड होते. नवऱ्यासमोर विचारता येत नसेल तर सिस्टरांना बाजूला घेऊन विचारा.

तंबाखू आणि मिश्री सोडा. आणि काही वर्षांनी कंबर किंवा खुबा दुखू लागला तर चोळून घेऊ नका, डागही देऊ नका. शेकानं ओटीपोटाची हाडं ठिसूळ होतात, नुसत्या वजनानंही बारीक तडा जातो. आधी डॉक्टरांना शेकाचं सांगा आणि त्यांच्याकडून एमआरआय लिहून घ्या.