मशीनवरच्या कामांचे वेळापत्रक पावसाळ्यात का कोसळते? या चुका टाळा

कोकणात कुडाळ किंवा मिरजोळे येथील औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या लहान मशीन शॉपमध्ये जुलै महिन्यात डोकावल्यास फळ्यावर लिहिलेले आठवड्याचे वेळापत्रक आणि प्रत्यक्ष मशीनवर चढलेला जॉब यांचा एकमेकांशी फारसा संबंध उरलेला दिसत नाही. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै या काळात बंद असते. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि प्रोपेलर शाफ्ट, बुश, कपलिंग अशी सगळी कामे मालकांना १ ऑगस्टच्या आत हवी असतात. नेमक्या त्याच दिवसांत वीज जाते, घाटात दरड कोसळून कोल्हापूरहून निघालेले कास्टिंग (ओतीव सुटा भाग) अडकते आणि ऑपरेटर भातलावणीसाठी रजा मागतात. दोष अर्थातच पावसाला दिला जातो. परंतु उशिराचा बराच मोठा भाग वेळापत्रक आखण्याच्या पद्धतीतूनच निर्माण होतो, आणि तो भाग आपल्या हातात असतो.

ठाऊक असलेल्या गोष्टीला अनिश्चित मानणे

गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला आहे. कोकणातला कामगार त्या आठवड्यात कारखान्यात नसणार, हे पंचांग हातात असलेल्या कोणालाही आधीच कळते; तरीही अनेक वेळापत्रकांत तो आठवडा भरलेला दिसतो. शिमगा आणि लावणीचे दिवस यांचेही तसेच आहे. असे दिवस सुरुवातीलाच मशीनच्या उपलब्ध तासांतून वजा करावेत. मग खऱ्या अर्थाने अनिश्चित असे जे उरते, ते अपेक्षेपेक्षा बरेच कमी असते.

प्रत्येक जॉबसाठी एकच आकडा धरणे

"हा शाफ्ट किती तासांत होईल?" असे विचारले की अनुभवी ऑपरेटर सहसा सगळे सुरळीत चालले तर लागणारा वेळ सांगतो. तो खोटे बोलत नाही, मात्र त्या उत्तरात तुटलेला इन्सर्ट (हत्याराचे बदलता येणारे पाते), पुन्हा करावे लागणारे सेटिंग किंवा रिजेक्ट झालेला तुकडा यांना जागा नसते. म्हणून दोन आकडे विचारावेत: नेहमी लागणारा वेळ आणि वाईट दिवशी लागणारा वेळ. त्याहून चांगले म्हणजे जुन्या जॉब कार्डांवरून, फसलेले जॉब न वगळता, सरासरी काढावी. जोडणीच्या कामात तर ही चूक अधिक महागात पडते. एका पंपासाठी पाच भाग लागत असतील आणि प्रत्येक भाग वेळेवर मिळण्याची शक्यता ९० टक्के असेल, तर पाचही भाग वेळेवर जमण्याची शक्यता केवळ ५९ टक्के राहते. म्हणजे प्रत्येक विभाग आपापल्या परीने चांगले काम करत असतानाही दर पाचांपैकी दोन पंप रखडतात.

मशीन रिकामे दिसू नये म्हणून ते पूर्ण भरणे

सर्वांत खोल रुजलेली चूक ही आहे, कारण तिच्यामागे कर्जाचा हप्ता उभा असतो. महागडी व्हीएमसी (संगणकावर चालणारे उभे मिलिंग मशीन) घेतली की ती एक तासही बंद दिसू नये, असे मालकाला वाटणे स्वाभाविक आहे. मात्र रांगेचे गणित वेगळे सांगते. गणितज्ञ किंगमन यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार मशीनसमोरची प्रतीक्षा भाराच्या, म्हणजे उपलब्ध तासांपैकी भरलेल्या तासांच्या, प्रमाणात सरळ वाढत नाही, तर भार शंभर टक्क्यांच्या जवळ जाऊ लागला की ती झपाट्याने फुगते. कामे येण्याच्या वेळा आणि ती करण्यास लागणारा वेळ दोन्ही बरेच अनियमित असतील, तर ८० टक्के भाराला सरासरी प्रतीक्षा एका जॉबच्या वेळेच्या चौपट, ९० टक्क्यांना नऊपट आणि ९५ टक्क्यांना एकोणीसपट होते. सरासरी जॉब तीन तासांचा धरल्यास याचा अर्थ अनुक्रमे १२, २७ आणि ५७ तास नुसते रांगेत थांबणे. ९० वरून ९५ टक्क्यांवर जाण्याच्या हौसेपोटी प्रतीक्षा दुपटीहून अधिक होते.

याच सूत्राची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे: प्रतीक्षा अनियमिततेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दोन्हीकडची अनियमितता निम्मी झाली, तर त्याच भाराला प्रतीक्षा सुमारे चौथाईवर येते. त्यामुळे टूल आणि फिक्श्चर (जॉब पकडून ठेवणारी चौकट) आदल्या संध्याकाळी तयार ठेवणे, एकसारख्या सेटअपची कामे सलग घेणे आणि कास्टिंग हातात आल्याशिवाय जॉब सुरू न करणे, हे नवे मशीन घेण्यापेक्षा पुष्कळदा अधिक फायद्याचे ठरते. अर्थात हा विचार ज्या मशीनसमोर खरोखर रांग लागते त्याच मशीनपुरता करावा. ड्रिलिंग मशीन दुपारी रिकामे राहिले, तर ते खुशाल राहू द्यावे.

राखीव वेळ प्रत्येक टप्प्यावर थोडा थोडा वाटणे

नऊ टप्प्यांच्या कामात प्रत्येक टप्प्याला दोन तास जादा धरले, तर अठरा तास वाढतात आणि ते बहुतेक सगळे खर्चही होतात, कारण वेळ हाताशी आहे म्हटल्यावर काम सावकाश चालते. टप्प्यांचे विलंब एकमेकांवर अवलंबून नसतील, तर तेवढेच संरक्षण शेवटी एकत्र ठेवलेल्या साधारण सहा तासांनी मिळते. मात्र येथे कोकणापुरती एक अट जोडायला हवी. वीज गेली की सगळी मशीन एकदम थांबतात. तो विलंब एका टप्प्याचा नसतो आणि दुसऱ्या टप्प्याच्या नशिबाने तो भरूनही निघत नाही. त्यामुळे वीजपुरवठ्यासाठीचा राखीव वेळ वेगळा आणि पूर्ण धरावा.

विजेच्या बाबतीत कामाची लांबीही पाहिली पाहिजे. मध्येच थांबल्यास पहिल्यापासून करावा लागणारा सहा तासांचा कट (धातू कापण्याचे सलग काम) घेतला आणि वीज सरासरी सहा तासांनी, कधीही, जात असेल, तर तो पूर्ण होईपर्यंत मशीन सरासरी १०.३ तास चालवावे लागते. वीज येण्याची वाट पाहण्याचा वेळ त्यात धरलेलाच नाही. तोच कट दोन-दोन तासांच्या तीन टप्प्यांत, प्रत्येक टप्प्यानंतर सुरक्षित थांबता येईल असा, विभागल्यास हा आकडा ७.१ तासांवर येतो.

फोन करील त्याचा जॉब आधी

होडीमालक ओळखीचा असतो, बहुतेकदा गाववालाच असतो, त्यामुळे त्याला नाही म्हणणे कठीण जाते. तरीही क्रम ठरवण्यापूर्वी आपल्याला नेमके काय कमी करायचे आहे, ते ठरवावे लागते. एका मशीनसमोर उभ्या असलेल्या कामांत सर्वाधिक उशीर झालेल्या जॉबचा उशीर कमीत कमी ठेवायचा असेल, तर ज्याचा वायदा आधी त्याचे काम आधी घ्यावे, हे वेळापत्रकाच्या गणिताचे अभ्यासक जॅक्सन यांनी १९५५ मध्ये दाखवले. सरासरी थांबण्याचा वेळ कमी करायचा असेल, तर लहान जॉब आधी घ्यावा, हा स्मिथ यांचा १९५६ चा निष्कर्ष आहे. वायदा चुकलेल्या ग्राहकांची संख्या कमी करायची असेल, तर मूर यांची १९६८ ची पद्धत वापरावी: वायद्याच्या क्रमाने जॉब मांडत जावे आणि एखादा वायदा चुकतो असे दिसताच तोवर मांडलेल्यांपैकी सर्वांत लांब जॉब काढून शेवटी टाकावा. ३१ जुलैच्या गर्दीत मला ही तिसरी पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण शेवटी टाकलेल्या जॉबच्या मालकाला ती गोष्ट दहा दिवस आधी सांगता येते.

वेळापत्रक रोज सकाळी नव्याने मांडू नये. रांगेच्या मशीनवरचा आजचा आणि उद्याचा क्रम गोठवावा आणि बदल परवापासून करावेत. मशीन बिघडले किंवा माल आलाच नाही, तरच हा नियम मोडावा.

एवढे करूनही उशीर होत राहिला, तर उशीर झालेल्या प्रत्येक जॉबच्या कार्डावर माल नव्हता, रांगेत थांबला, वीज नव्हती, पुन्हा करावा लागला, यांपैकी एकच मुख्य कारण आणि त्यात गेलेले तास लिहावेत. महिनाअखेरीस तासांची बेरीज केल्यावर 'रांगेत थांबला' हे कारण पुढे असेल, तर त्या मशीनचा भार कमी करावा किंवा काही जॉब बाहेरून करून घ्यावेत. 'माल नव्हता' पुढे असेल, तर मशीनचा क्रम कितीही बदलून उपयोग होणार नाही. कोल्हापूरहून कोकणात उतरणारे आंबा आणि करूळ घाट सुरळीत असताना, म्हणजे मे महिन्यातच, कास्टिंग आणून ठेवावे लागेल.