पेट्रोल वाचवताना या चुका टाळा

साताऱ्यात दुचाकीविषयी कोणाशीही बोलणे निघाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी ॲव्हरेज किती देते? पेट्रोल लिटरला शंभर रुपयांच्या वर गेल्यापासून आणि त्यात वीस टक्के इथेनॉल येऊ लागल्यापासून हा प्रश्न अधिकच कळकळीने विचारला जातो. तो गैरही नाही, कारण कोरेगाव, रहिमतपूर किंवा मेढ्याहून रोज साताऱ्याला ये-जा करणाऱ्या माणसाच्या मिळकतीतला मोठा वाटा टाकीत जातो. माझे म्हणणे एवढेच आहे की बचतीच्या या ओढीतून आपण अशा काही सवयी लावून घेतल्या आहेत, ज्यांनी पेट्रोल वाचत नाहीच, उलट गाडी खराब होते आणि काही वेळा जिवावर बेतते.

घाटात इंजिन बंद करून उतरणे

कासहून परतताना यवतेश्वरच्या घाटात, किंवा पाचगणीहून वाईकडे पसरणी घाट उतरताना, चावी बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडून दिलेले स्वार आजही दिसतात. ही सवय मलाही होती. पंधरा वर्षांपूर्वी पसरणी घाटात मागे एक माणूस आणि सामानाची पिशवी घेऊन मी असाच उतरत होतो. अर्ध्या घाटानंतर मागचा ब्रेक पूर्ण दाबला तरी गाडीचा वेग कमी होईना, आणि शेवटी गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घालून थांबवावी लागली. दोघेही खरचटण्यावर सुटलो. वळण दरीच्या बाजूला असते तर काय झाले असते, याचा विचार आजही मला सोडत नाही.

असे का होते, हे समजून घेतले पाहिजे. गाडी गिअरमध्ये असते तेव्हा उतारावर तिचा बराचसा जोर इंजिन अडवून धरते आणि ब्रेकवरचा भार हलका होतो. न्यूट्रलमध्ये हा आधार जातो आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. ड्रम सतत तापत राहिला की लायनरची पकड कमी होते, आणि हे स्वाराला कळते तेव्हा फार उशीर झालेला असतो. डिस्क ब्रेक असला तरी निर्धास्त राहण्यासारखे नाही. त्यातले ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. नव्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पण ओलावा शिरल्यावर तो १५५ अंशांच्या आसपास उतरू शकतो. उकळलेल्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर मुठीला टेकेपर्यंत दाबूनही चाक थांबत नाही. म्हणूनच हे ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते, आणि आपल्याकडे नेमके तेच सर्वांत जास्त विसरले जाते. याशिवाय चावी बंद केली की हॉर्न, ब्रेक लाइट आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर तेही, यांतले काहीच चालत नाही. घाटात या तिन्हींची गरज एरवीपेक्षा जास्तच असते.

आता वाचणाऱ्या पेट्रोलचे पाहू. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाल्यानंतर बहुतेक नव्या दुचाकींत फ्युएल इंजेक्शन आले. अशा गाडीत गिअर टाकलेला असताना रेस पूर्ण सोडली आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरत असले, तर इंजेक्शन चालवणारा गाडीतला संगणक पेट्रोलचा पुरवठाच थांबवतो. म्हणजे उतारावर गिअरमध्ये असलेली गाडी जवळजवळ काहीच पीत नाही, आणि न्यूट्रलमध्ये चालू ठेवलेली गाडी उलट थोडे का होईना पेट्रोल जाळत राहते. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत बंद रेसवरही थोडे पेट्रोल जाते हे खरे आहे, पण संपूर्ण घाटाचा हिशेब केला तरी ते काही रुपयांच्या वर जात नाही. त्याच गाडीची चावी गिअरमध्ये असताना बंद केली, तर न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठते आणि चावी पुन्हा चालू करताच मोठा आवाज होऊन तिथे पेटते, हे अनेकांनी अनुभवले असेल.

जो गिअर चढताना लागला असता तोच उतरताना ठेवावा, वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक मिळून दाबून वेग कमी करावा आणि मग ब्रेक सोडावेत. सतत पाय ठेवून उतरू नये. जळका वास आला किंवा लिव्हर मऊ लागली, तर सुरक्षित जागी थांबून पंधरा-वीस मिनिटे ब्रेक आपोआप थंड होऊ द्यावेत; तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये.

इथे एक मत स्पष्टपणे मांडतो. १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएस सक्तीचे आहे, त्याखालील गाड्यांना मात्र दोन्ही ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस पद्धत पुरेशी मानली जात आली आहे. लहान गाड्यांनाही एबीएस सक्तीचे करण्याचा मसुदा केंद्राने जून २०२५ मध्ये पुढे आणला, तेव्हा किंमत वाढेल म्हणून बरीच ओरड झाली. माझ्या मते जिथे जून ते सप्टेंबर रस्त्यावर शेवाळ, धुके आणि लाल माती असते, तिथल्या माणसाने ही ओरड करू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. त्यातून वाचलेल्या पैशांतून त्याच गाडीचे वरचे, डिस्क ब्रेकचे मॉडेल घेणे हा मला सर्वांत चांगला उपयोग वाटतो.

प्रत्येक बिघाडाचा दोष इथेनॉलला देणे

हा विषय आपल्या भागात नाजूक आहे, कारण ज्या घरात दुचाकी आहे त्याच घरात पुष्कळदा ऊसही आहे. इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात पैसा येतो आणि उसाचे बिल वेळेवर निघायला मदत होते, हे मी नाकारत नाही. पण गाडीच्या मालकाची तक्रारही खोटी नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे ॲव्हरेज काही प्रमाणात उतरणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या धाटणीच्या दुचाकींसाठी ही घट तीन ते चार टक्के धरली होती. अशा इंधनाची किंमत साध्या पेट्रोलपेक्षा कमी असावी, असेही त्यात सुचवले होते. घट आली, स्वस्ताई मात्र आली नाही, आणि पंपावर कमी इथेनॉलचे साधे पेट्रोल निवडण्याची सोयही राहिली नाही. ही निवड ग्राहकाला मिळायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते.

तरीही आकड्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. पन्नासचा ॲव्हरेज देणाऱ्या गाडीत चार टक्के घट म्हणजे लिटरला दोन किलोमीटर. गाडी पन्नासवरून अठ्ठेचाळीसवर आली असेल तर कारण इथेनॉल असू शकते. ती चाळीसवर आली असेल तर कारण गाडीत आहे, आणि इथेनॉलला बोल लावून आपण तो बिघाड वाढू देत आहोत.

म्हणून आधी मोजमाप नीट करावे. शंभर-शंभर रुपयांचे पेट्रोल टाकून ॲव्हरेज कधीच कळत नाही. टाकी नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी, किलोमीटर लिहून ठेवावेत, तीनेकशे किलोमीटर नेहमीप्रमाणे गाडी चालवून त्याच पंपावर तशीच भरावी आणि झालेल्या किलोमीटरना दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरनी भागावे. घट खरोखर मोठी निघाली, तर सर्वांत स्वस्त गोष्टीपासून तपासणी सुरू करावी. टायर थंड असताना हवा मोजावी. गाडी मेन स्टँडवर लावून न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवून पाहावे. ते एक-दोन फेऱ्यांत थांबत असेल, तर ब्रेक चिकटतो आहे किंवा चेन फार ताठ आहे. एअर फिल्टर उघडून पाहावा, कारण म्हसवड-दहिवडीकडच्या धुळीत पुस्तिकेतल्या किलोमीटरपर्यंत तो टिकेलच असे नाही. रेस वाढवल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या प्रमाणात ओढत नसेल, तर क्लच प्लेट घसरत आहेत. यातले काहीच नसेल तेव्हा प्लग आणि इंजेक्टरकडे वळावे.

इथेनॉलचे जे खरे उपद्रव आहेत ते वेगळेच आहेत आणि ते जुन्या गाड्यांना जास्त जाणवतात. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे रबरी आणि धातूचे भाग या इंधनाला चालतील असे बनवलेले आहेत. त्याआधीच्या, विशेषतः कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलचा पाइप कडक होणे किंवा त्याला चिरा पडणे, टाकीतला जुना गाळ सुटून जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रात, अडकणे आणि सकाळी गाडी चालू व्हायला त्रास देणे, असे प्रकार होतात. पाइप आणि फिल्टर बदलणे, टाकी एकदा धुऊन घेणे आणि कार्ब्युरेटर साफ करणे, एवढ्याने बहुतेक वेळा काम होते.

पावसाळ्यातली तक्रार याहून वेगळी असते: गाडी चालू होते, पाचशे मीटर जाते आणि बंद पडते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि टाकीत पाणी ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त झाले की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळा थर तयार होतो. पेट्रोलची नळीही तळाशीच असल्यामुळे इंजिनाला प्रथम हाच थर मिळतो. मोकळ्या जागेत, विस्तवापासून दूर, टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढून ठेवावे. बाटलीत दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी, त्यात नवे पेट्रोल ओतून भागत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर टाकी अर्धी ठेवू नये, कारण रिकाम्या जागेतल्या हवेचा ओलावा आतच थंड होऊन उतरतो. टाकीच्या झाकणाचे रबर सुकले असेल तर ते जूनच्या आधी बदलावे.

ऑइल, हवा आणि चेन यांत काटकसर

चारचाकीचे उरलेले ऑइल दुचाकीत टाकणे ही चूक मी सुशिक्षित घरांतही पाहिली आहे. बहुतेक मोटारसायकलींत क्लच इंजिनाच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. मोटारीच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात आणि त्यांनी क्लच घसरू लागतो. डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचे जपानी मानक) एमए किंवा एमए-२ असे लिहिलेले आणि पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल घ्यावे. जासो एमबी हे गिअर नसलेल्या स्कूटरसाठी असते. माझ्या एका जुन्या गाडीत एका गॅरेजमध्ये पिंपातले सुटे ऑइल भरले गेले आणि दोन महिन्यांत क्लच प्लेट बदलाव्या लागल्या. तेव्हापासून डबा माझ्यासमोर फोडला जाईल, असा माझा आग्रह असतो.

ॲव्हरेज वाढावा म्हणून टायरमध्ये सांगितल्यापेक्षा जास्त हवा भरणेही तितकेच चुकीचे आहे, कारण टायरचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो आणि ओल्या रस्त्यावर पकड सुटते. योग्य आकडा चेन कव्हरजवळच्या किंवा मागच्या दांड्यावरच्या पट्टीवर लिहिलेला असतो, आणि एकट्यासाठी व दोघांसाठी तो वेगळा असतो. दुधाच्या किटल्या किंवा वैरणीचा भारा नेणाऱ्यांनी दोघांचाच आकडा धरावा. हा भार मागच्या चाकाच्याही मागे लोंबत असेल, तर पुढचे चाक हलके होऊन हँडल डगमगते. यावर हवेचा उपाय नाही, भार पुढे सरकवून बांधला पाहिजे.

चेनला दर पाचशे किलोमीटरला आणि प्रत्येक मोठ्या पावसानंतर वंगण द्यावे. ती रॉकेलने पुसलेली चालते, पेट्रोलने मात्र धुऊ नये.

विमा पाच वर्षांचा आहे असे समजणे

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा विमा सक्तीचा झाला, पण तो फक्त तृतीय पक्षाचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा आणि चोरीचा भाग सहसा एकाच वर्षाचा असतो. दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेल्यावर कागद उघडून हे समजलेली माणसे मी पाहिली आहेत. हजार-दीड हजार रुपये वाचवण्यासाठी हा भाग सोडण्याआधी गाडीची आजची किंमत पाहावी. जुना विमा संपून ९० दिवस उलटले, तर दावा न केल्याबद्दल साठलेली सवलतही जाते. तसेच गाडी विकल्यावर आरसीवरचे नाव बदलण्याचा खर्च आणि हेलपाटे टाळू नयेत. नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच कायद्याने मालक आणि अपघाताच्या भरपाईला जबाबदार, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

मागचा दिवा

ही सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. गळीत हंगामात कराड, कोरेगाव, फलटणच्या रस्त्यांवर रात्री उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात, आणि त्यांच्यामागे वेग कमी केलेल्या दुचाकीला मागून येणाऱ्या वाहनाने पाहणे हे त्या एका बल्बवर अवलंबून असते. ट्रॉल्यांना मागे लाल परावर्तक लावल्याशिवाय त्या गव्हाणीवर, म्हणजे कारखान्यात ऊस उतरवण्याच्या जागी, घेऊ नयेत, अशी सक्ती प्रत्येक साखर कारखान्याने करावी, ही माझी कळकळीची मागणी आहे. आपल्या बाजूने एवढे करता येते: रात्री गाडी भिंतीला पाठ करून लावावी, आधी पुढचा ब्रेक दाबून भिंतीवरचा लाल उजेड वाढतो का ते पाहावे आणि मग मागचा दाबून पाहावे. दोन्हींची बटणे वेगळी असतात आणि पायाच्या ब्रेकचे बटण चिखलाने बहुधा आधी अडकते. ते पाण्याने धुऊन त्यावर दोन थेंब पातळ तेल सोडले की पुष्कळदा पुन्हा चालू लागते, आणि तरीही उजेड वाढला नाही तर बटण बदलून घेईपर्यंत अंधारात गाडी बाहेर काढू नये.