'ओके' की 'कॅन्सल', सर्व्हरला कसं कळणार?

एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्समध्ये (वेबसाइट बनवायची मायक्रोसॉफ्टची एक पद्धत) नवखे हमखास इथे अडकतात: सर्व्हरच्या कोडमधूनच कन्फर्मची खिडकी ('ओके' की 'कॅन्सल' विचारणारी) उघडून उत्तराची वाट बघायची. ते जमत नाही. पान ब्राउझरला पोचेपर्यंत सर्व्हरचं काम आटोपलेलं असतं. म्हणून आधी ब्राउझरमध्येच विचारा, मग सर्व्हरला पाठवा.

नुसतं 'डिलीट' थांबवायचं असेल, तर बटणाच्या ऑन-क्लायंट-क्लिकमध्ये (क्लिक झाल्यावर ब्राउझरमध्ये चालणारा कोड) रिटर्न कन्फर्म लिहा. 'रिटर्न' विसरलात तर 'कॅन्सल' दाबूनही नोंद उडते! (मी उडवली आहे.)

'नाही' म्हटल्यावरही सर्व्हरवर काही करायचं असेल, तर उत्तर हिडन फील्डमध्ये (पानावरचा न दिसणारा रकाना) भरा, पोस्टबॅक होऊ द्या, म्हणजे पान सर्व्हरकडे परत जाऊ द्या, आणि क्लिक हँडलरमध्ये (क्लिकनंतर सर्व्हरवर चालणारा कोड) वाचा. मात्र त्या फील्डमधलं उत्तर कोणीही बदलू शकतो, तेव्हा डिलीटचा अधिकार सर्व्हरवरच तपासा.