एकांकिकेत बाई रडायला लागली की मोबाईल का निघतात? या चुका टाळा

दरवर्षी स्पर्धेचा सीझन आला की फोन सुरू होतात, 'दादा, एकदा रन थ्रू बघायला या ना.' जातो बापडा. आणि चाळीस मिनिटांच्या एकांकिकेत दहाव्या-बाराव्या मिनिटाला कोणीतरी बाई स्टेजच्या मधोमध गुडघ्यांवर बसते, वरून निळा स्पॉट, मागे बासरी, आणि सुरू. विचारलं की पोरं म्हणतात, इथे ऑडियन्स रडणार. नाही रडत रे बाळांनो. इथे ऑडियन्स मोबाईल बघतो.

बाईचं दुःख म्हणजे हमखास, हीच पहिली आणि सगळ्यात मोठी चूक. बाईचं दुःख प्रेक्षकाला लगेच पटतं हे खरं, पण तितक्याच लवकर तो त्याला सरावतो, कारण बाई सोसणारच हे त्याने घरी आणि रात्रीच्या सिरियलमध्ये रोज बघून ठेवलंय. पुरुषाचं दुःख उशिरा पटतं, आधी जरा हसूच येतं, पण एकदा पटलं की लोक पार्किंगमध्येसुद्धा त्याच्याबद्दलच बोलत असतात. बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये, पण तिकीट काढून आत आलेला माणूस हेच सोबत घेऊन येतो, त्याला काय करणार.

माझंच सांगतो. मुलगा बाईकच्या अपघातात गेलेला, दहाव्याच्या दुसऱ्या दिवशीचं घर, फक्त आई-बाप. मी लिहिलेलं असं की आई चार मिनिटं रडते, बोलते, देवाला शिव्या देते आणि बाप कोपऱ्यात बसून मुलाच्या बुटांना पॉलिश करतो, एक शब्द नाही. प्रयोगात अख्खं हाऊस त्या बुटांकडे बघत होतं. नंतर परीक्षक म्हणाले वडील जबरदस्त, आई जरा लाउड. आणि मी गाढवासारखं त्या मुलीलाच झापलं, आवाज खाली घे, पट्टी बदल, अमुक कर. तिने शांतपणे विचारलं, 'दादा, मला काम काय आहे?' मी म्हटलं, रडायचं. ती म्हणाली, 'ते झालं हो, पण काम काय?'

मला तेव्हा कळलं नाही, रागच आला. पुढच्या फेरीला हट्टाने उलटं केलं, रडणं बापाकडे दिलं आणि आईच्या हातात मेथीची जुडी. बापाने पहिला हुंदका दिला आणि मागच्या रांगेतून हशा, एकाने तर 'ए रडू नको रे बाळा' अशी आरोळीच ठोकली, पोरगा पार ब्लँक, दोन वाक्यं गिळून बसला. पण त्याच हाऊसमध्ये, तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला लोकांच्या लक्षात आलं की आई मेथी निवडताना पानं टाकून देतेय आणि देठं ताटात ठेवतेय. खोकणारा माणूससुद्धा थांबला. तिला त्या दिवशी कोणी लाउड म्हणालं नाही.

तेव्हापासून माझी सवय सांगतो, पद्धत वगैरे नाही. हातात स्क्रिप्ट आली की कंसातलं प्रत्येक '(रडते)' लाल पेनाने खोडतो आणि समोर लिहितो, काम काय? आणि पुरुषाला रडवायचं असेल तर त्याआधी प्रेक्षकाला त्याच्यासोबत एकदा पोटभर हसू द्यायचं. मागच्या रांगेतला तो हशा दुष्टपणा नसतो, लाजेचा असतो, पुरुष रडला की लोकांना कुठे बघावं कळत नाही, म्हणून ते हसू आधीच वसूल करून घ्यायचं.

दुसरी चूक, बाईला मारून पुरुषाला मोठं करणं. 'नटसम्राट' 1970 चं, अप्पा बेलवलकर सगळ्यांना पाठ. पण घर त्यांच्या बायकोचं, कावेरीचंही गेलंय, पोरांनी तिलाही तितकंच दुखावलंय, ती तर मरतेसुद्धा, आणि नाटक बघून आलेल्या कोणालाही विचारा, तो अप्पांबद्दलच बोलेल. शिरवाडकरांच्या ताकदीचा माणूस लिहितो तेव्हा अप्पा जिला 'सरकार' म्हणतात ती कावेरी माणूस म्हणून उभी राहते तरी, तुमच्या एकांकिकेत बायको मरते ती फक्त नवऱ्याला दारू प्यायला कारण हवं म्हणून.

आणि ऑडिशनला येणाऱ्या मुलींनो, तेंडुलकरांच्या नाटकातली बेणारे पहिल्या वाक्यापासून रडत करू नका, हात जोडतो. 'शांतता! कोर्ट चालू आहे' मध्ये खेळातल्या खटल्यात तिलाच आरोपी करतात, ती बोलते तेव्हा स्टेजवर कोणी ऐकतच नसतं, आणि ज्याने उत्तर द्यायचं तो, तिच्या पोटातल्या मुलाचा बाप प्रोफेसर दामले, अख्ख्या नाटकात फिरकत नाही. बाई भोगते तेव्हा लोक आधी हिचं काय चुकलं ते शोधतात, पुरुष भोगतो तेव्हा त्याच्यावर ही वेळ कोणी आणली ते शोधतात. तेंडुलकरांनी ती शोधाशोधच नाटकात घातली, तुम्ही ती नुसत्या अश्रूंत बुडवता.

बायकोचा मार खाणारा नवरा सीरियस दाखवायचाय? लाटणं दिसलं की हशा येणारच, लाटणं स्टेजवर आणूच नका.

धक्का म्हणून ब्लॅकआउटच्या आधी अत्याचाराचा सीन, हा शॉर्टकट मला सहनच होत नाही, त्यावर जास्त बोलत नाही.

जाता जाता, बाईच्या सोसण्याचा नमुना म्हणून आपण जिचं नाव घेतो ती 'एकच प्याला' मधली सिंधू 1919 साली बालगंधर्वांनी उभी केली. म्हणजे तो नमुनाही एका पुरुषाने घालून दिलेला, यावर जरा विचार करा, मी अजून करतोय.

आणि एक, मला स्पर्धेच्या चार दिवस आधी बोलावू नका. तेव्हा मी फक्त बासरी बंद करा एवढंच सांगू शकतो.