थ्रिप्स जातात आणि परत येतात : घरातल्या झाडांबाबत या चुका टाळा

दादरच्या फुलबाजारातून आणलेली शेवंती देवापुढे वाहिली, उरलेली पुडी टीपॉयवर राहिली आणि टीपॉयच्या शेजारीच मॉन्स्टेराची कुंडी आहे. थ्रिप्सना, म्हणजे शेतकऱ्यांच्या फुलकिड्यांना, घरात शिरायला एवढी वाट पुरते. नर्सरीतून आलेलं नवं झाड ही त्याहून रुळलेली वाट. ‘आम्ही सोळाव्या मजल्यावर, इथे कीड कशी येणार?’ असं विचारणाऱ्यांसाठी : हा किडा उडण्यात कच्चा आहे, पण इतका हलका की वारा त्याला कुठेही नेऊन टाकतो.

पहिली गफलत ओळखण्यातच होते. पानावर चंदेरी, फिकट चट्टे दिसले की कोणी ते धूळ म्हणून पुसतो, कोणी पाणी कमी पडलं म्हणून तांब्याभर जास्त ओततो, तर कोणी खत घालतो. खताने तर उलटंच होतं. नत्र मिळालं की कोवळी पालवी फुटते आणि थ्रिप्सना तीच सगळ्यात आवडते. चट्ट्यांवर काळे बारीक ठिपके दिसतात का बघा, ती त्यांची विष्ठा. पांढऱ्या कागदावर पान झटका. एक-दीड मिलिमीटरचे, फिकट पिवळे किंवा काळपट, लांबुडके जीव सरपटायला लागले तर निदान पक्कं. पानामागे बारीक जाळी असेल तर तो लाल कोळी. त्याचा इलाज थोडा वेगळा.

एका फवारणीत काम झालं असं समजणं

माझ्या मते सगळ्यात जास्त झाडं या चुकीने जातात. बाटली आणली, रविवारी दणकून फवारलं, दोन दिवस एकही किडा दिसला नाही. पंधरवड्यात तेच चट्टे नव्या पानावर. मग दोष औषधाला, ‘डुप्लिकेट असणार’.

औषध बहुतेक वेळा खरंच असतं. मादी पानाच्या आत, सालीखाली अंडी घालते, तिथे फवारा पोचत नाही. अंड्यातून निघालेली पिल्लं पानं खरवडून रस शोषतात. ती आणि मोठे किडे तेवढे तुमच्या हाती लागतात. पुढे बहुतेक जातींची पिल्लं कुंडीतल्या मातीत उतरतात, तिथे न खाता कोषावस्थेत राहतात आणि पंख फुटले की वर येतात. म्हणजे तुम्ही फवारत असता तेव्हा अर्धी फौज पानात आणि मातीत सुरक्षित बसलेली असते. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून पंखवाल्या किड्यापर्यंतचा फेरा साधारण दोन आठवड्यांत पुरा होतो. वर नराशिवायही मादी अंडी घालू शकते, त्यामुळे एखादीच उरली तरी वंश चालू राहतो.

म्हणून दर पाच-सहा दिवसांनी, किमान चार ते पाच वेळा फवारा. कोणतं औषध, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. तारखा पाळण्यावर कोणी बोलत नाही. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा आणि किडा दिसेनासा झाला तरी शेवटची फवारणी चुकवू नका.

प्रत्येक फवारणीआधी झाड बाथरूममध्ये नेऊन हँड शॉवरने पानांच्या दोन्ही बाजू धुवा. कुंडीला प्लास्टिकची पिशवी बांधा म्हणजे माती भिजत नाही. बरेच किडे इथेच वाहून जातात. बाहेर जुलैचा पाऊस झाडांवरचे थ्रिप्स धुऊन काढतो, दिवाणखान्यातल्या झाडाला ते सुख नाही. पावसाळा सरून ऑक्टोबरचा उकाडा सुरू झाला की म्हणूनच जास्त लक्ष ठेवावं लागतं.

फवारा, पण कशाचा आणि कुठे

कडुनिंबाचं तेल पाण्यात नुसतं ओतलं तर वर तरंगतं. मग कुठे पान तेलकट, कुठे कोरडं. लिटरभर पाण्याला 5 मिली तेल आणि 1-2 मिली सौम्य लिक्विड सोप घ्या. आधी दोन्ही थोड्या कोमट पाण्यात घुसळा, मग उरलेलं पाणी घाला. एका पानावर करून दिवसभर वाट पाहा. फवारणी संध्याकाळी, पानांच्या मागून, बेचक्यात आणि न उलगडलेल्या पानाच्या गुंडाळीत. वरून चकचकीत ओलं दिसणारं पान खालून कोरडं असेल तर मेहनत फुकट.

कपड्यांची पावडर पानं जाळते. झुरळांचा स्प्रे तर मुळीच नको. तंबाखूचं पाणी ‘नैसर्गिक’ म्हणून सुचवलं जातं. निकोटीन हे विषच आहे, मुलं-मांजरं वावरणाऱ्या घरात त्याला जागा नाही. शेतीच्या दुकानातली जहाल कीटकनाशकं वन-बीएचकेच्या बंद हवेत वापरणं हा शुद्ध वेडेपणा. मुळातून शोषली जाणारी इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं मावा-पिठ्या ढेकणावर चांगली चालतात, थ्रिप्सवर तितकी नाहीत. कारण थ्रिप्स झाडाच्या रसवाहिन्यांतून न पिता पानाच्या पेशी फोडून खातात.

तेलाने भागत नसेल तर स्पिनोसॅड. मातीतल्या एका जिवाणूपासून बनलेलं हे औषध थ्रिप्सवर खरोखर चालतं. मात्रा लेबलवरचीच. ती लिटरला मिलीच्या अंशात असते, तेव्हा झाकणाने न मोजता सिरिंजने मोजा. हातमोजे घाला, झाड बाल्कनीत न्या आणि फवारा वाळेपर्यंत आत आणू नका. फुलावर मधमाश्या येत असतील तर थांबा. सलग तेच तेच मारलं की किड्यांना सवय होते, म्हणून मध्ये तेल किंवा साबणाची पाळी घ्या.

निळे-पिवळे चिकट सापळे लावून निवांत बसणारेही बरेच आहेत. सापळ्यात उडणारे किडे अडकतात, पानावरची पिल्लं आणि मातीतले कोष नाहीत. सापळ्यावरची संख्या घटतेय का, एवढं कळायला तो उत्तम. मातीचा वरचा इंच-दीड इंच थर काढून नवा भरा. काढलेली माती आणि खराब पानं पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात द्या. कंपोस्टच्या डब्यात किंवा दुसऱ्या कुंडीत टाकलीत तर कीड तुम्हीच वाटली. आणि उपचार एकट्या आजारी झाडाचा नको. ग्रीलमध्ये पानाला पान लागून बसलेल्या शेजाऱ्यांनाही तोच फवारा.

सोसायट्यांच्या गेटवर आणि बाल्कन्यांत दिसणाऱ्या बारीक पानांच्या फायकसचं मात्र वेगळं. त्याची पानं मधल्या शिरेवर पुस्तकासारखी मिटतात. एक मिटलेलं पान उघडून पाहा, आत काळे किडे आणि पिल्लं एकत्र नांदत असतात. तिथे बाहेरून कितीही फवारा, आत काही जात नाही. मिटलेली पानं खुडून टाका, फवारणी नंतर.

चंदेरी झालेलं पान पुन्हा हिरवं होत नाही. ते बघून ‘फरक पडत नाही’ म्हणत औषधाचं प्रमाण वाढवू नका. परीक्षा नव्या पानाची. ते स्वच्छ उघडलं तर तुमचं जमलंय. पाच-सहा फेऱ्यांनंतरही नवी पानं वेडीवाकडी, डागाळलेली येत असतील आणि झाड दीडशे रुपयांचं सिंगोनियम असेल, तर मी ते सरळ टाकून देईन. महागाच्या मॉन्स्टेराची सगळी पानं छाटून खोड आणि मुळं ठेवता येतात, ते नव्याने फुटतं. तोवर पाणी अगदी बेताने द्या, पानं नसलेल्या झाडाची मुळं आपल्या दमट हवेत पटकन कुजतात.