कोरफडीचा ज्यूस प्यायचाय? मग आधी तो पिवळा चीक काढा

वजन उतरतं, केस वाढतात, शुगर जाते, चेहरा चमकतो... कोरफडीच्या नावावर काय काय खपवतात ना. खरं सांगायचं तर आतल्या गरात जवळपास ९९ टक्के पाणीच असतं, त्यामुळे फार मोठ्या आशा नकोत. पोट साफ व्हायला थोडी मदत होते, अ‍ॅसिडिटीत काहींना बरं वाटतं, शुगर थोडी कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलंय पण म्हणून गोळ्या बंद करायच्या नाहीत. बाकीचं बरंचसं जाहिरातवाल्यांचं.

आता खरी गोम. पान कापलं की सालीच्या लगेच खालून जो पिवळा, कडू चीक येतो त्यात अ‍ॅलोइन असतं आणि ते जबरदस्त रेचक. हाच चीक वाळवला की काळा बोळ, जो आयुर्वेदात औषध म्हणून वापरतात. म्हणजे "पहिल्याच दिवशी पोट एकदम साफ झालं" म्हणून खूश होणाऱ्यांचं बऱ्याचदा चीक पोटात गेल्यामुळे झालेलं असतं, गराची करामत नाही. अमेरिकेत २००२ साली एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, दुकानात सहज मिळणाऱ्या पोट साफ करायच्या औषधांतून कोरफड बाद केली, कारण ती सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा कंपन्यांनी दिलाच नव्हता.

तर करायचं कसं. झाड घरचं असेल तर बाहेरच्या बाजूचं जाड, जुनं पान बुडापासून कापा. बांधावरचं घायपात कोरफड समजून आणू नका हं, त्याचं पान कडक आणि दोरखंडासारखं तंतूंचं, टोकाला सुईसारखा काटा, आणि रस लागला तर अंगाला खाज सुटते. कुंडीतल्या शोभेच्या जातीपण नकोत. कापलेलं पान ग्लासात कापलेली बाजू खाली करून अर्धा तास उभं ठेवायचं, तळाशी पिवळं पाणी साठतं ते फेकून द्या. मग पान धुवा, कडेचे काटे सुरीने काढा, साल सोला, आणि साल जरा जाडसरच निघू द्या, थोडा गर वाया गेला तर जाऊ दे. गराला कुठे पिवळी, हिरवी झाक राहिली असेल तर तेवढी खरवडा, तुकडे दोन-तीन पाण्यात चांगले धुवा आणि एक तुकडा जिभेला लावून बघा, कडूजहर लागला तर परत धुवा. मग दोन चमचे गर, ग्लासभर पाणी, लिंबू, चिमूटभर काळं मीठ, आल्याचा तुकडा घालून मिक्सरमधून फिरवा. बुळबुळीतपणा नको असेल तर ताकात घालून प्या, ते जास्त बरं लागतं. लगेच संपवायचं, उरलं तर फ्रिजमध्ये एक दिवस, त्यापुढे नाही.

सुरुवात एका चमच्यानेच करा, पोटात मुरडा आला किंवा जुलाब लागले तर थांबा.

बाटलीचा घेणार असाल तर मागचं लेबल वाचा, फक्त आतल्या गराचा आहे की अख्ख्या पानाचा आणि साखर किती ते. अख्ख्या पानाचा असेल आणि अ‍ॅलोइन काढल्याचं लिहिलेलं नसेल तर मी तरी घेणार नाही.

गरोदर बायका, बाळाला पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांनी हा ज्यूस टाळायचा. मूत्रपिंडाचा त्रास, शुगरच्या गोळ्या, हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा लघवीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, जुलाबांतून पोटॅशियम जातं आणि शुगर एकदम खाली येऊ शकते.