ठाणबंद घोडी: आधी शेळी, मग बाकीचं

डॉक्टरांनी "सहा आठवडे ठाणबंद" असं म्हटलं, म्हणजे दुखऱ्या घोडीला ठाणातच उभं ठेवायचं, की त्याच दिवशी तिच्या सोबतीला शेळीची सोय करा. खेळणी, गाजरं, आरसा हे सगळं नंतर. गेल्या वेळी मी बाकी सगळं केलं आणि नेमकं हेच राहिलं.

आमची मारवाडी घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणलेली, चारशे किलोच्या आसपास, नाशिकजवळ मखमलाबादला मळ्यात असते. पुढच्या पायाचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, सुजलं होतं. शेजारच्या ठाणावर आमचाच दुसरा घोडा उभा, म्हणून वाटलं, सोबत आहेच की. पण तुळशीचं लग्न लागलं की तो रोज संध्याकाळी वरातीला जातो, हे डोक्यातच आलं नाही. त्याला झूल-गोंडे चढवून बाहेर काढला, रस्त्यावर नाशिक ढोल सुरू झाला, आणि ही आत एकटी. तीही वरातीतच वाढलेली, ढोलावर पाय उचलायला आम्हीच शिकवलेलं. वीस मिनिटांत पट्टी टापांखाली गेली, दाराची फळी फुटली आणि टेंडन पहिल्यापेक्षा जास्त सुजलं. सहा आठवड्यांचे पाच महिने झाले.

म्हणून शेळी. दुसरा घोडा असला तरी शेळी, कारण दुसरा घोडा कामाला जातो, शेळी कुठे जात नाही. शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यांतसुद्धा शेळी सोबतीला ठेवायची जुनी पद्धत आहे, हे काही माझं खूळ नाही. बोकड आणू नका, वास सहन होणार नाही. पाठ, म्हणजे न व्यालेली तरुण शेळी, नको, मोठी, शांत, शिंगं नसलेली शेळी बघा. पहिले दोन दिवस मधे आडवे बांबू ठेवा, एकमेकींना हुंगू द्या. घोडीनं कान मागे पाडले तर आणखी दोन दिवस थांबा. दुसरा घोडा पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा शेळी जुनी झालेली हवी, त्याच दिवशी आणलेली नको. शेळीचा एक त्रास आहे, ती पट्टीची टोकं चघळते. तेव्हा रात्री फळीच्या पलीकडे बांधा, पण घोडीला दिसेल अशी.

शेळीचं खाणं मात्र घोडीच्या तोंडाला लागू देऊ नका. गुरांच्या तयार खाद्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं, गाईला ते चालतं, घोड्याला विष.

आता चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा. काम बंद त्या दिवशी हरभरा बंद, ओट बंद. "आजारी आहे, जरा जास्त घाला" म्हणणारे घरात असतातच, माझी आईच होती. न चालणाऱ्या घोड्याला दाणा घातला की अंगात आग भरते, वर पोटशूळ आणि खुरांचा ताप, म्हणजे खुरं आतून सुजणं. आईला समजवायला चार दिवस लागले, शेवटी चंदीच्या डब्याला कुलूप लावलं.

दाणा बंद, पण वैरण कमी करायची नाही. घोड्याच्या पोटात आम्ल सतत झरत असतं, पोट चार-सहा तास रिकामं राहिलं की ते पोटालाच खातं, आणि मोकळं तोंड फळी चावायला लागतं. दिवसाला सहा ते आठ किलो वाळलेलं गवत, एकदम न टाकता बारीक भोकांच्या जाळीत, एकात एक दोन जाळ्या घालून. म्हणजे तासाभराचं खाणं तीन तास पुरतं. जाळी दोन कोपऱ्यांत दोन टांगा, तेवढीच तिला हालचाल. उंच टांगा, टाप अडकली तर संपलं, आणि बांधायला झटक्यात तुटेल अशी सुतळीच घ्या. कांद्याच्या लाल गोण्या घरात ढिगानं पडलेल्या असतात, त्या वापरायचा मोह होतो. मी वापरल्या, धागे लिदीतून निघाले. शिवाय गोणीत कांद्याची साल राहते, आणि कांदा घोड्याला चालत नाही, रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

लीद मोजा. दिवसात आठ-दहा वेळा पडते. पाच-सहावर आली, घट्ट झाली, की डॉक्टरांना फोन. उभ्या घोड्याचं आतडं मंदावतं. पाणी भरपूर, गवत थोडं भिजवून, सैंधवाचा खडा टांगलेला. धनुर्वाताचं इंजेक्शन, खुरं साफ करणं, ओली बिछायत बदलणं हे सांगायला नको. चांगल्या पायाच्या टापेला मात्र रोज हात लावून बघा, सगळं वजन त्याच्यावर असतं. गरम लागली तर उद्यावर ढकलू नका.

करमणुकीचं साहित्य विकत आणायची गरज नाही. पाच लिटरचा प्लॅस्टिकचा कॅन धुऊन, भोकं पाडून, आत गाजराचे तुकडे. आधी तो तेलाचा किंवा औषधाचा नव्हता ना, ते बघा. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात गाजरं स्वस्त मिळतात, उभी चिरा, गोल चकत्या घशात अडकतात. अख्खा दुधी दोरीला टांगला की अर्धा तास त्याला नाकानं ढुशा मारत बसते. तुतीच्या कोवळ्या फांद्या सोलायला द्या. पण एक खेळणं तीन दिवसांवर ठेवू नका, काढून घ्या, आठवड्यानं परत द्या. आमच्या घोडीनं कॅन दुसऱ्याच दिवशी पाण्याच्या टाकीत बुडवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

खरारा, म्हणजे ब्रशनं अंग घासणं, सकाळ-संध्याकाळ, पंधरा मिनिटं, घाईनं नको. त्यातच काहीतरी शिकवा: काठीच्या टोकाला बांधलेल्या चेंडूला नाक लाव, मान खाली घे, एक पाऊल मागे. डोकं दमलं की पाय शांत राहतात. गाजराचा तुकडा हातातून देऊ नका, भांड्यात टाका, नाहीतर महिनाभरात चावरी होईल.

डुलायला लागली, म्हणजे दाराशी उभी राहून डावी-उजवीकडे झुलत राहिली, तर ओरडू नका. सोबत कमी पडतेय. इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००२ साली ठाणात आरसा लावून पाहिला होता, डुलणं बरंच कमी झालं. काचेचा नको, न फुटणारा अॅक्रिलिकचा लावा. पण आरसा हा शेळी सापडेपर्यंतचा उपाय. आरसा आहे म्हणून शेळी नको, असं नाही. लग्नाच्या तिथी कॅलेंडरवर लाल करून ठेवा. त्या संध्याकाळी वैरण सात वाजता नव्याने भरा, दारं रस्त्याच्या बाजूनं बंद, शेळी आत, आणि तुमच्यापैकी कोणीतरी तिथं बसलेलं. घरचं लग्न असेल तर तुम्ही वरातीत नाही, इतकं सोपं आहे.

हिरवं चारायला न्यायची परवानगी डॉक्टर देतील, तेव्हा बांधावरची हरळी उत्तम. पण द्राक्षाच्या बागेच्या कडेला नाही, फवारणीचा अंश पानावर, गवतावर असतोच. कुंपणाला कण्हेर असेल तर त्या बाजूला फिरकू नका. कण्हेरीची थोडीशी पानं घोडा मारायला पुरतात, वाळलेलीसुद्धा.

चालवणं: डॉक्टर सांगतील त्या दिवशीच, पाच मिनिटं, सपाट कठीण जमिनीवर, लगाम घालून. नुसत्या मोरकीवर, म्हणजे तोंडाला बांधलेल्या दोरीवर, नको, उडी मारेल. हातमोजे घाला. शेळी पुढं. फारच उसळत असेल तर शांत करायचं इंजेक्शन आधीच मागून घ्या, लाजू नका.

मग आठवड्याला पाच-पाच मिनिटं वाढवा. मोकळं सोडणं सर्वांत शेवटी, छोट्या वाड्यात, पोट भरलेलं असताना, दुसरा घोडा शेजारच्या वाड्यात आधीच उभा. चंदी त्यानंतर, मुठीनं. आणि शेळी लगेच परत करू नका, तिला अजून महिनाभर तिथंच राहू द्या.